इस्त्रीखालची घोंगडी

पितृपंधरवडा सुरू झाला की घराघरांतून एकच गडबड उडते. घट बसायच्या आत घर सारवून-पोतारून घ्यायचे, माळ्यावरची भांडी घासायची आणि अंथरूण-पांघरूण सारे ओढ्यावर न्यायचे. दसऱ्याची धुणी ती! गोधड्या, वाकळा, सतरंज्या, चादरी एकदा सोड्याच्या पाण्यातून काढून दगडावर बडवल्या आणि उन्हात पसरल्या की बाईमाणसाचा जीव हलका होतो.

या धुण्याच्या तोंडावरच एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, ‘आमच्या बचत गटात आम्ही सहाजणी तुकडे जोडून गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवतो. माझ्या भाचीने शहरातून इस्त्रीखाली घालायची लोकरीची जाड चटई आणून दिली. तिच्यावर शिवण फार छान बसते. पण वर्षभरात तिच्यावर डाग पडलेत, दोरे चिकटलेत आणि पावसाळ्यापासून कुबट वास येतोय. यंदा दसऱ्याच्या धुण्यात ती गोधड्यांबरोबरच सोड्यात घालू का?’

ताई, घालू नका. चटई बाजूला ठेवा आणि आधी हे सगळे वाचा. कारण मी घातली होती. त्यात माझे नुकसान झालेच, पण ज्यांची वस्तू होती त्यांचे अधिक झाले. ते पुढे सांगते.

लोकर कशासाठी?

पुष्कळजणींना प्रश्न पडेल, की इस्त्रीखाली लोकर हवीच कशाला? परटाचे टेबल आठवा. फळीवर नुसती चादर टाकून तो इस्त्री करीत नाही. खाली घोंगडी नाहीतर जाड ब्लँकेटची घडी असते आणि तिच्यावर सुती कापड ताणलेले असते. त्यात शहाणपण आहे.

लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. त्यामुळे इस्त्रीची धग फळीत निघून जात नाही, लोकरीतच थोपते आणि खालून कापडाला ऊब देते. म्हणजे कापड एकाच वेळी वरून आणि खालून दाबून निघते. दुसरे असे, की तुकड्यांच्या गोधडीत जिथे चार कोपरे एकत्र येतात तिथे पदरांची गाठ होते. कठीण फळीवर ती गाठ उंच राहते आणि इस्त्री तिच्याभोवती नुसती घसरते. मऊ लोकरीत गाठ खाली दबते, वरची बाजू सपाट येते. मग पुढचा धावदोरा सरळ जातो आणि सुई मोडत नाही. तिसरे म्हणजे वाफ. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. हा तिचा गुण आहे. पण तिचे सारे आजारही यातूनच निघतात, हे ध्यानात ठेवा.

परदेशातल्या गोधडी शिवणाऱ्या बायका यासाठी दाबून बनवलेल्या लोकरीची, साधारण अर्धा इंच जाडीची चटई वापरतात. तीच आता आपल्याकडेही मिळू लागली आहे. पण वस्तू आपल्याला नवीन नाही. काश्मीरचा नमदा याच जातीचा. पिंजलेल्या लोकरीचे थर पसरायचे, त्यावर साबणाचे पाणी शिंपडायचे, गुंडाळी करून दाबायची आणि लाटायची. माग नाही, ताणाबाणा नाही. आपल्याकडचे लोकरीचे जेन असेच होते. ज्यांना विकतची चटई नको असेल त्यांनी जुन्या घोंगडीची चौपदरी घडी घ्यावी, काम तेच होते.

मात्र लोकर म्हणून घेतलेली वस्तू लोकरच आहे ना, हे आधी पाहावे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि काडी लावावी. अस्सल लोकर भडकत नाही, कुरकुरत जळते, काडी दूर केली की विझते. केस जळल्यासारखा वास येतो आणि उरलेली राख बोटांत चुरगळते. धागा वितळून त्याचा कडक मणी झाला तर तो कृत्रिम धागा समजावा. तसली चटई इस्त्रीखाली घालू नये. ती वितळून इस्त्रीलाही चिकटेल आणि गोधडीलाही.

माझी गोष्ट

आता माझी चूक सांगते. २०२२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटाला शहरातल्या एका दुकानातून बारा दुपट्यांचे काम मिळाले होते. पांढऱ्यावर लाल आणि पिवळे चौकडे, बाळंतविड्यात द्यायला. काम पहिलेच, म्हणून सगळ्यांचा जीव त्यात गुंतलेला. खरिपाला घातलेला पैसा अजून रानातच होता आणि दुपट्यांच्या पैशांवर दोघीतिघींच्या मुलांच्या शाळेचा खर्च भागायचा होता.

इस्त्रीखाली घालायला काही जाड हवे होते. आमच्या आत्याबाईंनी आपण होऊन पेटीतून मामंजींची घोंगडी काढून दिली. मामंजींनी ती पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत घेतली होती. काळी, पाच हात लांब, काठाला पांढरी रेघ. रात्रीचे पाणी धरायला ते तीच खांद्यावर टाकून जात. ते गेल्यावर आत्याबाईंनी ती घडी घालून ठेवली होती. देताना एवढेच म्हणाल्या, “पेटीत ठिवून तरी काय करायचं? तुमच्या कामाला येऊ दे.”

महिनाभर घोंगडीने झकास काम दिले. माझे मात्र तीन ठिकाणी चुकले.

पहिली चूक अशी, की मी लाल कापड आधी धुऊन त्याचा रंग जातो का ते पाहिले नाही. ओलसर लाल तुकडे तसेच घोंगडीवर ठेवून इस्त्री फिरवली. काळ्या घोंगडीवर रंग दिसला नाही, पण तो तिने पिऊन ठेवला होता. पुढे पांढरी दुपटी तिच्यावर ठेवून वाफ दिली तेव्हा तोच रंग वर आला. तीन दुपट्यांच्या पाठीवर गुलाबी छटा उमटली.

दुसरी चूक म्हणजे रोज काम संपले की घोंगडी गरम आणि दमट असतानाच घडी घालून मशीनखाली सारायची. श्रावण-भाद्रपदाची हवा, खाली फरशी. पंधरा दिवसांत कुबट वास आला आणि घडीच्या आत कसर लागली. कसर जाईना म्हणून शिवणाच्या खोक्यात डांबरगोळ्या टाकल्या. त्याच खोक्यात तयार दुपटी होती. दुकानदाराने बारांपैकी पाच परत पाठवली, तीन रंगामुळे आणि दोन वासामुळे. त्याचे काही चुकले नाही.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी चूक दसऱ्याच्या धुण्यात झाली. मी मनात म्हटले, आता एकदा हिला स्वच्छच करून टाकू. हंड्यात कढत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, वर साबणाची पूड. घोंगडी रात्रभर भिजवली आणि सकाळी धोपाटण्याने बडवली. ओढ्यावर ती उलगडली तर हातात आली ती साडेतीन हातांची, फळीसारखी ताठ वस्तू. काठाची पांढरी रेघ वाकडीतिकडी होऊन पिवळी पडली होती. माणसाच्या खांद्यावरून ती आता गुडघ्यापर्यंतही पोचली नसती.

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी ती मांडीवर घेतली, एकदा हात फिरवला आणि बाजूला ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

‘डोईला सोडा लावतीस का?’

रब्बीच्या पेरणीआधी आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढरांमागची धनगरीण सांजेला भाकरीच्या पिठासाठी घरी आली, तेव्हा ओट्यावर ती ताठ घोंगडी तिने पाहिली. उचलून वास घेतला आणि मला विचारले, “बाय, सोडा घातलास व्हय हिला?”

मी मान हलवली.

“आगं, लोकर म्हंजी केस. तुजं केस न् मेंढराचं केस येकच. तू डोईला सोडा लावतीस का? डोई धोपाटण्यानं बडवतीस का? आमी कातरायच्या आदी मेंढरं वढ्याला नेऊन नुसत्या गार पाण्यानं धुतो. तेवढं बास हुतंय.”

त्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितले ते मी नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिले. शब्द न् शब्द खरा निघाला. लोकर आणि आपले केस एकाच द्रव्याचे, केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. प्रत्येक केसावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात, सारे टोकाकडे तोंड करून. पाणी, उष्णता आणि साबण-सोडा एकत्र आले की हे खवले उघडतात. त्यात घासणे-बडवणे झाले की केस एकमेकांत सरकतात, पण खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाहीत. असे अडकत अडकत सारे कापड आवळून जाते. नमदा आणि जेन बनवताना हेच मुद्दाम करतात. मी ते नकळत घोंगडीला केले.

सोड्याचे आणखी एक आहे. सुताला सोडा सोसतो, केसाला सोसत नाही. सौम्य सोड्याने लोकर पिवळी आणि ठिसूळ होते, तर कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात ती चक्क विरघळते. ब्लीचिंग पावडरही लोकरीला खाऊन टाकते. ओढ्यावर सुती गोधडीला जे चालते ते लोकरीला चालत नाही, ते यामुळेच.

रोजची निगा

आता ताईंच्या चटईकडे वळू. खरे सांगायचे तर लोकरीला धुण्याची पाळी फार क्वचित यावी. रोजची निगा नीट असेल तर ती येतही नाही.

१. चटईवर नेहमी सुती खोळ असावी. मांजरपाट नाहीतर जुने धोतर दुपदरी करून घालावे. ही खोळ खुशाल दसऱ्याच्या धुण्यात घाला. डाग, रंग, खळ जे काही पडायचे ते तिच्यावर पडते आणि लोकर वाचते.

२. काम संपल्यावर चटई निवू द्यावी. मग दोरे आणि कापडाचा कोंडा मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडावा. बारीक दोरे निघत नसतील तर चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून थापटावे.

३. चटई फरशीवर किंवा टेबलावर आडवी पडू देऊ नये. खालच्या बाजूला ओलावा कोंडतो. भिंतीला टेकवून उभी करावी, किंवा बाजेवर टाकावी. रात्रभर दोन्ही बाजूंना वारा लागला पाहिजे. पूर्ण कोरडी झाल्याखेरीज घडी घालणे किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबणे नाही म्हणजे नाही.

४. वाफ आणि धग चटईतून खाली उतरते. खाली पॉलिश केलेले लाकूड असेल तर त्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून चटईखाली एक कोरडी फळी ठेवावी.

५. गरम इस्त्री चटईवर पालथी ठेवून उठू नये. लोकर लवकर पेट घेत नाही हे खरे, पण ती करपते. वरची सुती खोळ तर पेटूही शकते. कोळशाची इस्त्री असेल तर निखारा पडतो, तेव्हा आणखी जपावे.

६. विजेच्या इस्त्रीला तीन पिनांचा प्लग आणि घरात अर्थिंग हवेच. ओल्या चटईवर, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून इस्त्री करू नये. पायात चप्पल असावी आणि खाली कोरडी फळी. दुपट्यापेक्षा जीव मोठा आहे.

७. वाफेच्या इस्त्रीत बोअरचे क्षाराचे पाणी घातले तर पांढरे-तांबूस फुटके थेंब पडतात आणि त्यांचे डाग चटईवर बसतात. पावसाचे स्वच्छ धरलेले पाणी कपड्यातून गाळून वापरावे.

८. पंधरा दिवसांनी चटई उलटी करावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दबतात. एका जागी खड्डा पडला असेल तर त्यावर वाफ सोडावी, हाताने थोपटावे आणि सपाट जागी सुकू द्यावे. लोकर पुन्हा वर येते.

डाग पडला तर

लोकरीच्या डागाला पहिला नियम असा, की घासायचे नाही, टिपायचे. पांढरे सुती फडके गार पाण्यात पिळून डागावर दाबावे, उचलावे, फडक्याची जागा बदलावी. बाहेरून आत असे टिपत यावे, म्हणजे डाग पसरत नाही.

कापडाचा रंग लागला असेल तर वाटीभर गार पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून त्याने टिपावे. गरम पाणी किंवा इस्त्री अजिबात लावू नये, रंग पक्का बसतो. एवढे करून डाग राहिलाच तर त्याच्याशी भांडू नये. त्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहावे. फडक्यावर रंग येत नसेल तर तो डाग नुसता दिसायचा आहे, त्रास द्यायचा नाही. रंग येत असेल तर ती बाजू पांढऱ्या कामाला वापरू नये. खरा उपाय मात्र आधीचा आहे. लाल, निळे, काळे कापड कापण्यापूर्वी धुऊन पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे.

हळदीचा डाग साबणाने लालभडक होतो, हे आपल्याला लुगड्यांवरून ठाऊक आहे. लोकरीवर तो गार पाण्याने टिपून तासभर उन्हात धरावा. ऊन हळदीला उडवते.

तेलाचा डाग असेल तर त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी झाडून काढावे. बेसन किंवा कणीक टाकू नये, तिच्या वासाने किडे येतात.

चिकट बकरमचा गोंद लागला तर त्यावर जुने सुती फडके ठेवून गरम इस्त्री दाबावी आणि गरम असतानाच फडके उचलावे. गोंद फडक्यावर येतो. नवे नवे फडके घेऊन दोनतीनदा करावे.

करपल्याचा फिकट तपकिरी डाग आला तर घाबरू नये. चटई निवल्यावर ब्रशने करपलेले टोक झाडावे, फार असेल तर कात्रीने वरच्यावर कातरावे. गोधडीला त्याचा रंग लागत नाही.

वासाचे दोन प्रकार आहेत. वाफ लागली की मेंढराचा जो मंद वास येतो तो लोकरीचा स्वतःचा, तो काळजीचा नव्हे. कुबट वास म्हणजे मात्र आत ओल राहिली आहे. ताई, तुमच्या चटईला तोच आहे. दोन दिवस कोरड्या वाऱ्यात उभी करा, अधूनमधून तास-दीड तास कोवळे ऊन दाखवा. मग व्हिनेगरच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन्ही बाजू वरच्यावर पुसा आणि पुन्हा पूर्ण वाळवा. नव्वद टक्के तक्रार एवढ्यावर मिटेल असे मला वाटते.

धुवावीच लागली तर

अर्धा इंच जाडीची दाबीव चटई पूर्ण भिजवू नये. ती पाणी पिऊन जड होते, आकार बिघडतो आणि आतून वाळायला दिवस लागतात. तिला पुसणेच बरे. घोंगडी मात्र वर्षा-दोन वर्षांनी धुवायला हरकत नाही. रीत अशी:

आठदहा रिठे फोडून बिया काढाव्यात आणि तांब्याभर पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी कुस्करून फेस गाळून घ्यावा. अर्ध्या बादली पाण्यात तो घालावा. पाणी बाळाच्या अंगावर घालण्याइतपत, किंबहुना त्याहून थोडे गारच असावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते, म्हणून मुले दूर ठेवावीत. लोकर पांढरी असेल तर आधी एका कोपऱ्यावर करून पाहावे, रिठ्याची किंचित पिवळी छटा येऊ शकते.

घोंगडी आधी झाडून घ्यावी. मग पाण्यात बुडवून तळहातांनी दाबावे, सोडावे, दाबावे. चोळणे नाही, बडवणे नाही, मशीनमध्ये घालणे तर नाहीच. पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली. नंतर तितक्याच उबेच्या दोन पाण्यांतून काढावी. गरमातून एकदम गारात टाकली तरी लोकर आवळते. शेवटच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घालावे.

पिळू नये. जाड पंचावर पसरून पंचासकट गुंडाळावी आणि गुंडाळीवर दाबून पाणी टिपावे. मग बाजेवर सपाट पसरून सावलीच्या वाऱ्यात वाळवावी. दोरीवर टांगली तर पाण्याच्या भाराने ती ओघळते आणि लांबट होते. दोनतीन दिवस लागले तरी लागू द्यावेत.

नवी घोंगडी असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. मागावर विणताना तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, म्हणून ती ताठ वाटते. ओल लागली की ही खळ चिकटते आणि वास मारते. इस्त्रीखाली वापरायची तर आधी एकदा वरच्या रीतीने हलकी धुऊन खळ काढावी.

कसर आणि डांबरगोळ्या

लोकर खाणारी कसर म्हणजे लहानशा पतंगाची किंवा भुंग्याची अळी. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. हा पतंग दिव्याकडे येत नाही, अंधारात आणि घडीच्या आत अंडी घालतो. घाम, खरकटे, तेल लागलेली लोकर अळीला अधिक आवडते. म्हणून कसरीवरचा खरा उपाय म्हणजे लोकर स्वच्छ ठेवणे, हलवत राहणे आणि उजेड दाखवणे. महिन्यातून एकदा घडी मोडावी, तासभर उन्हात दोन्ही बाजूंनी तापवावी, झटकावी आणि ब्रशने घड्यांच्या रेघा झाडाव्यात. दिवसभर कडक उन्हात मात्र टाकू नये, लोकर पिवळी पडून कमजोर होते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण एकट्या पाल्यावर विसंबून बसू नये. कापडात बांधून ठेवावी, गाठ घट्ट असावी.

डांबरगोळ्यांविषयी मात्र कळकळीने सांगते. त्या नॅप्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-६-पीडी नावाचा एक घटक कमी असतो आणि ते वरून कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळले तर नुसत्या वाफेनेही त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मोठी कावीळ होते आणि बाळ दगावूही शकते. म्हणून बाळाची कपडे-दुपटी, ती शिवायचे कापड आणि इस्त्रीची चटई यांच्याजवळ डांबरगोळी असता कामा नये. आमची दोन दुपटी वासाने परत आली तेव्हा मला दुकानदाराचा राग आला होता. ही गोष्ट कळली तेव्हा ती परत आली म्हणून मी देवाचे आभार मानले.

शेवटी काय झाले?

परत आलेल्या पाच दुपट्यांच्या जागी आम्ही नवी पाच शिवून दिली, कापड आमच्या पदरचे. त्या कामात आम्हाला फायदा असा उरला नाही, पण दुकान टिकले. आजही ते आमच्याकडून माल घेते.

घोंगडी आवळली ती आवळलीच. एकदा आवळलेली लोकर मागे येत नाही. कुणी म्हणाले ताणून बघ, कुणी म्हणाले व्हिनेगरमध्ये ठेव. काही उपयोग झाला नाही. पण ती घट्ट आणि जाड झाल्यामुळे इस्त्रीखाली आधीपेक्षा अधिक चांगली बसू लागली, हेही खरे. गटातल्या बायका म्हणाल्या, “दोन तुकडे करू, दोघीजणी एकदम इस्त्री करतील.” मी कात्री हातात घेतली नाही. आत्याबाईंना विचारायला गेले.

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाल्या, “काठाची पट्टी मला काढून दे. बाकीचं तुमचं.”

ती वीतभर रुंदीची पट्टी त्यांनी दुहेरी करून कडा शिवून घेतल्या. पहाटे देवापुढे बसताना त्या ती खाली घेतात. दर अमावस्येला मी आमच्या दोन्ही चटया उन्हात टाकते तेव्हा त्या आपण होऊन ती पट्टीही आणून बाजूला ठेवतात. झाडायची मात्र मला. ब्रश कोणत्या दिशेने फिरतो, तेवढे बसून बघतात.

तेव्हा भगिनींनो, या आठवड्यात ओढ्यावर जाण्याआधी गाठोडे एकदा सोडून पाहा. सुताचे एका बाजूला, लोकरीचे दुसऱ्या बाजूला. सुताला सोडा द्या, धोपाटणे द्या, कडक ऊन द्या. लोकरीला वारा द्या, आणि पाणी दिलेच तर केसांना द्याल तसे द्या. घरात कुणाची जुनी घोंगडी असेल तर ती कुणाची होती हेही मुलांना सांगा, म्हणजे तीही जपून हात लावतील.

आणि ताई, चटई वाळली की कसा काय फरक पडला ते जरूर कळवा.